खाली लागलेलं दूध

मालकांनी माझ्या बियरची तिसरी टाकीही गटारात सोडायला लावली. "अहो, करपट लागते! चौथीही अशीच निघाली, तर दुसरा माणूस बघतो." मला मात्र करपट काही लागेना. लहानपणी आई शिलाई मशीनवर बसली की दूध हमखास खाली लागायचं. आम्ही भावंडं त्याच दुधाची कॉफी पिऊन मोठी झालो. चौथ्या वेळी सातू बेतानं भाजला, दहादा बियर चाखली, तरी स्वतःच्या जिभेवर भरवसा बसेना. मालक यायला अर्धा तास उरला, तेव्हा घायकुतीला येऊन ताईला बोलावलं. ती कधी तोंडदेखलं बोलत नाही. "खरं सांग, ताई. पोटाचा प्रश्न आहे." तिनं डोळे मिटून ग्लास एका दमात संपवला. "अरे, फारच छान! अगदी आईच्या कॉफीसारखी." मी वाकलो आणि चौथ्या टाकीचा नळ स्वतःच उघडून टाकला.