मागच्या दाराची शिटी

वेग घेतला की हझिकच्या गाडीच्या मागच्या दारातून वारा शिटी वाजवायचा. मागे मस्तुरा आणि तिची मतिमंद धाकटी बहीण आयदा बसायच्या. त्या आवाजात पुढच्या सीटवरचं अक्षरही त्यांच्या कानी पडत नसे.

मस्तुरा आणि हझिकचं लग्न तोंडावर आलं होतं. एकदा गाडी तिच्याकडे होती, तेव्हा मस्तुराने दाराच्या सगळ्या फटींवर टेप चिकटवली आणि एकेक पट्टी काढत हायवेवर फेऱ्या मारल्या. काचेच्या वरच्या कोपऱ्यातली पट्टी काढताच शिटी परतली. तिथलं रबर आत दुमडलं होतं. तिने ते सरळ करून चिकटवलं. हझिकला मुद्दामच सांगितलं नाही. त्याचं त्यालाच कळू दे, खूश होईल.

ईदला सगळे कुआंतान शहराकडे निघाले. हझिकने नेहमीसारखं आयदाचं तोंड हळुवार पुसलं, तिच्या हाती केळ्याचं भजं दिलं. त्याची आई पुढे बसली. गाडीने वेग घेतला. मागे शिटी नाही, सगळं चिडीचूप.

"सीटवर प्लास्टिक घातलंस ते बरं केलंस. किती ती लाळ!" आई म्हणाली.

"हात लावायचीसुद्धा किळस येते गं," हझिक हसला. "एकदा निकाह होऊ दे, लगेच आश्रमात टाकतो तिला. मस्तुरा रडेल चार दिवस."

मस्तुरा पुढे झुकली.

"गाडी थांबव!"

पेट्रोल पंपापाशी त्याने ब्रेक मारला. "काय झालं गं? गाडी लागली का?"

तिने आधी आयदाला उतरवलं, मग बोटातली अंगठी काढून त्या प्लास्टिकवर टाकली.



"नाही. गाडी नाही लागली."