शाफ्टचा कौल

केंकरे सरांची चेनऐवजी शाफ्टवर चालणारी मोटारसायकल भलतीच थरथरायची. पेडण्याच्या दुलबा मेस्तने ती आपल्या गॅरेजात स्टँडवर चढवली, थरथर कुठल्या बाजूला जास्त ते बघायला टाकीवर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गियर टाकला. शेजारच्या गंगाकाकीला वाटलं, देवळासारखा कौलच लावलाय. तिने हात जोडले.

"माज्या चेडवाचां लगीन जमतलां?"

उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. आणि मुलीचं लग्न खरंच जमलं!

तेव्हापासून गॅरेजपुढे नारळ घेऊन रांग लागते.

काल सर चिडूनच आले. "अजून शाफ्ट सरळ नाही केलास?"

"सरळ केल्यार पाकळी पडची नाय, सर. गांव माका मारतलो."

सरांनी रांगेकडे पाहिलं. मग चपला काढल्या.


"माझ्या बदलीचं तेवढं विचार."