जुनी आवृत्ती

यशवंतरावांच्या कानामागची तार हर्षलाने संगणकाला जोडली. मेंदूतल्या चिपचं नवं अपडेट बिघडल्यापासून ते निपचित पडले होते.

"काकू, चिपच्या लिनक्स प्रणालीत जुनी आवृत्ती जपलेली असते. तीच सुरू करते."

"कर बाई. यांचं घोरणं नाही, तर मलाच झोप लागत नाही," सुमतीकाकू म्हणाल्या.

यशवंतरावांनी डोळे उघडले आणि हसून ते समोरच्या व्हिडिओ गेमच्या पडद्याकडे वळले. "नीलू कुठाय? आज तिला हरवणारच!"

त्यांची लेक नीलू वारली, त्याला सहा वर्षं झाली होती.

"आवृत्ती सात वर्षांपूर्वीची निघाली," हर्षला कुजबुजली. "काकू, बंद करू?"

काकूंनी मान हलवून नको म्हटलं. नवऱ्याच्या पाठीमागे बसून त्यांनी दुसरा कंट्रोलर उचलला.

"आले हं, बाबा," त्या नीलूच्या आवाजात म्हणाल्या.