डावी दोरी

"बोट तू बांधून दे," हौसरावआप्पा म्हणाले. "पण आज अनुपमासंगं अंकिता बसंल. तू काठावर थांब."

प्रगतीला आधी वाटलं, आप्पा चेष्टा करतायत. तीन वर्षं अनुपमाच्या शिडाच्या बोटीत दुसरी तीच असायची. घोड धरणाच्या पाण्यावर दोघी एकत्र शिकल्या, एकत्र उलटल्या, एकमेकींना धरून वर आल्या. आज निवडीची शर्यत होती. जिंकेल ती जोडी हैदराबादला मोठ्या स्पर्धेला जाणार होती.

"माझं काय चुकलं, आप्पा?"

"चुकलं न्हाई गं. जोडी एका घरची असली म्हंजी बरं."

अनुपमा त्यांची मुलगी, अंकिता पुण्याच्या भावाची. क्लबही आप्पांनीच काढलेला. प्रगतीनं अनुपमाकडं पाहिलं. अनुपमा जाकिटाचा पट्टा आवळत होती. आवळलेलाच पट्टा ती पुन्हा आवळत होती.

प्रगती बोटीकडं गेली.

वारा पाठीमागून आला की बोटीच्या पुढं एक मोठं रंगीत शीड उघडतात. क्लबात त्याला स्पिनेकर म्हणत. काठावर मेंढ्या चारणारे प्रगतीचे वडील त्याला फुगा म्हणत. हा फुगा दोन दोऱ्यांवर सांभाळायचा, एक उजवी, एक डावी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा असतात. दोऱ्या त्या तारांच्या बाहेरून घ्यायच्या. आतून गेल्या तर शीड तारेत अडकतं, आणि ते कळतं शीड उघडल्यावर, भर पाण्यात.

उजवी दोरी बांधून झाली. डावी हातात घेऊन प्रगती थांबली. मग तिनं ती तारेच्या आतून घातली.

कुणाचंच लक्ष नव्हतं. आप्पा निवडीच्या साहेबांना चहा देत होते. दोरी आतून गेलेली लांबून दिसतसुद्धा नव्हती. प्रगती तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं झटक्यात दोरी ओढून काढली, बाहेरून घेतली, गाठ मारली आणि गाठीला दोनदा हिसका देऊन पाहिला.

अंकिता आली. "हे सगळं हिनं बांधलंय?" तिनं अनुपमाला विचारलं. प्रगती चार पावलांवर उभी होती. "आज? आणि तू बांधू दिलंस?"

अंकिता वाकली, डावी गाठ सोडली, दोरी खालीवर करून पाहिली. तेवढ्यात भोंगा झाला. बाकीच्या बोटी पाण्यात निघाल्या. अंकितानं घाईघाईनं दोरी परत ओवली आणि बांधली. तारेच्या आतून.

प्रगती पळत गुडघाभर पाण्यात शिरली. "अनू, थांब! डावी दोरी आतनं गेलीय!"

"ए, तिला बोटीपासनं लांब करा आधी!" आप्पा काठावरून ओरडले.

अनुपमानं एकदा डाव्या तारेकडं पाहिलं. एकदा वडिलांकडं पाहिलं. मग तिनं सुकाणू धरलं आणि बोट पाण्यात घातली.

पहिल्या वळणापर्यंत त्या सगळ्यांच्या पुढं होत्या. काठावर टाळ्या पडत होत्या. वळणावर बोट फिरली, वारा पाठीमागं आला, फुगा वर चढला. उजवीकडून तो छान भरला. डावीकडून तारेला अडकला, पिळला गेला, आणि पुढच्याच झोतात बोट आडवी झाली. तिचं पांढरं पोट वर आलं. शेजारून एकेक बोट पुढं निघून गेली.

मोटरबोटीनं दोघींना काठावर आणलं.

"बोट कुणी बांधली हुती?" आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"प्रगतीनं," अंकिता म्हणाली. ती थंडीनं कुडकुडत होती. तिला कदाचित खरंच तसं वाटत असावं.

"मी बाहेरनं बांधली हुती. हिनं सोडून परत बांधली. अनू, सांग की."

अनुपमा केस पिळत राहिली. "मी सुकाणूपाशी होते," ती म्हणाली. "मला न्हाई दिसलं."

"मेंढरांमागनं उचलून बोटीत बसवली," आप्पा निवडीच्या साहेबांना म्हणाले, "आन् असं पांग फेडलं बघा." साहेबांनी वही मिटली. आप्पा प्रगतीकडं वळले. "उद्यापासनं क्लबात पाय ठेवायचा न्हाई."

माणसं पांगायला लागली. बोट ट्रकवर चढवायची होती, पण डावी दोरी ओली होऊन तारेशी आवळून बसली होती. अंकिताला गाठ सुटेना. गड्यांनाही सुटेना.

"कापू का?" एकानं विचारलं.

"कापू नगंस. मुंबैवरनं आणलेली दोरी हाय ती." आप्पांनी मान न वळवता हात केला. "हिलाच सोडू दे. मग जा म्हणावं."

प्रगती बोटीपाशी बसली. नखांनी गाठ हलेना. तिनं ती तोंडाजवळ ओढली.

मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. अनुपमा होती. ओल्या अंगावर टॉवेल, डोळे सुजलेले. आप्पा लांब गेलेत हे तिनं आधी वळून पाहिलं.

"तू जरा जोरात ओरडायचं होतंस गं," ती हळूच म्हणाली.

प्रगतीनं गाठ दातांत धरलेली होती. ती तिनं सोडली नाही.