पहिली निवड

कंपनी मोडताना लवादासमोर दोन वाटे होते. पहिल्यात दोन टाक्या, एक गाळणयंत्र, टेम्पो आणि चारशे मधपेट्या. दुसऱ्यात फक्त 'बखले मध' हे नाव.

बखल्यांनी वाटे करायचे आणि भागीदार बाईंनी आधी उचलायचं, असं ठरलं होतं. बखले निर्धास्त होते. त्यांच्या वडिलांचं नाव परकं कोण घेणार?

"उचला बाई, यंत्रं तुमचीच," ते म्हणाले.

"मी मधात साखर घालते, असं गावभर सांगून तुम्ही मला बाहेर काढलंत."

"जुनं झालं ते आता."

"तेव्हा ते खोटं होतं," ती म्हणाली आणि तिनं दुसरा वाटा उचलला.

दिवाळीला तिच्या बाटल्या बाजारात आल्या. लेबलावर बखल्यांच्या वडिलांचा फोटो होता. प्रयोगशाळेच्या अहवालात मध अकरा टक्के होता, साखरेचा पाक एकोणनव्वद.