तीन नंबरच्या खाटेवरची म्हातारी

"मेल्यांनो, पाय मोडून घ्यायला आलेय का मी इथे?"

तीन नंबरच्या खाटेवरची म्हातारी पुन्हा सुरू झाली. तिचं चूक तरी काय होतं? बायकांच्या वॉर्डाच्या संडासाला ना खिडकी, ना दिवा. मागच्या आठवड्यात एक पेशंट तिथेच घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हापासून शेजारच्या खाटेवरची मावशी पाणीच पीत नव्हती. अंगात ताप, ओठ सुकलेले, पण नको म्हणजे नको.

"प्यायलं की जावं लागतं, बाई," ती म्हणायची.

सिस्टर ऑफिसात सांगून सांगून थकली होती. 'बघू' यापलीकडे उत्तर नाही. पेशंट बिचारे मिळतंय तेच खूप म्हणून गप्प. त्या भागात दुसरं हॉस्पिटल होतं कुठे? कित्येक जण तर इथल्या हालांना भिऊन घरीच कण्हत पडायचे, म्हणून अर्ध्या खाटा रिकाम्या.

म्हातारी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पोटात दुखतं म्हणून आली होती, तपासण्यांत काही सापडेना. भेटायला कुणी येत नव्हतं, तरी जेवायच्या वेळी डबा हजर. आणि सगळा राग सिस्टरवर. "ही पोरगी अगदी बिनकामाची!"

सिस्टर खाली मान घालून ऐकून घ्यायची.

"राग नाही येत हो तुम्हाला?" वॉर्डातल्या आयाने विचारलं.

"घरी सासू आहे. सवय आहे," सिस्टर हसली.

मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा तर कहरच झाला. म्हातारीने भर वॉर्डात त्यांना फैलावर घेतलं. ते सिस्टरवर उखडले. "एक पेशंट सांभाळता येत नाही तुम्हाला? बदली करून टाकीन!"

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

म्हातारी खाटेवरून उतरली. तरातरा चालत डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरली आणि तिथल्या बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. बाहेर आली ती मावशीला हाका मारतच. "ये गं, इथे लख्ख उजेड आहे!"

मावशी भिंत धरत निघाली. तिच्यामागे एकेक करत सगळा वॉर्ड. केबिनबाहेर ही रांग लागली आणि डॉक्टर हातात पेन धरून नुसते बघत राहिले.

दुपारी वायरमन आला. संध्याकाळी मावशी ग्लासभर पाणी घटाघटा प्यायली आणि वर अजून मागितलं. सिस्टरचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला घरी सोडलं. "सुटले बाई एकदाची!" आया म्हणाली.

ड्युटी संपवून सिस्टर घरी पोचली. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली. गॅसवर चहा उकळत होता.

"बिनकामाची म्हणालात, ते जरा जास्तच झालं हं, आई."

"ते मनापासून होतं," तीन नंबरच्या खाटेवरची म्हातारी चहा गाळत म्हणाली. "बरं, हाडांच्या वॉर्डात आता तुझ्या आईला घालू. भांडणात विहीणबाईंचा हात कोणी धरणार नाही."