मान डोलावणारे पाहुणे

"वहिनी, पाठ दाखवू नका हो! आम्ही काय पाठीला टाळ्या वाजवायच्या?"

नणंद दाराला टेकून ओरडली. ती विमा विकते, त्यामुळे बोलण्यातलं तिला सगळं कळतं. वहिनी तीन आठवडे रोज सकाळी कपाटासमोर उभी राहून तेच तेच बोलत होती.

"एकच चेहरा धरा. जो मान डोलावेल त्याच्याशी बोला. बाकीचे गेले उडत."

वहिनीचं संशोधन पाण्याच्या नळांवर. गंज वाढतो तो पाणी वाहताना नाही, थांबल्यावर. सात वर्षं, चारशे बारा नळ. आज विभागासमोर सांगायचं होतं. काम नवीन आहे हे पटलं, तर प्रबंध जमा करायचा आणि पदवी. नाही पटलं, तर यादीतून नाव कट. मुदतवाढ तीनदा घेऊन झाली होती.

दुपारी खोलीत नऊ जण, पडद्यावर चौदा. वहिनी खोलीकडे बघून बोलली की पडद्यावरचे म्हणायचे, आवाज येत नाही. लॅपटॉपकडे वळली की खोलीतले घसा खाकरायचे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. विभागप्रमुख बाई पेनाचं टोपण चावत होत्या. मार्गदर्शक सर डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे झोपले होते.

पडद्यावर तेरा काळे चौकोन. चौदाव्यात एक चष्मेवाले गृहस्थ, दुसऱ्या संस्थेतले पाहुणे. ते मान डोलावत होते.

वहिनीने त्यांनाच धरलं. पहिला आलेख दाखवला, मान डोलली. दुसरा दाखवला, परत डोलली. ते टिपूनसुद्धा घेत होते. तिचा आवाज सुटला. कागदाकडे न बघता ती आकडे धडाधड सांगत सुटली. सात वर्षांत एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलंच नव्हतं. नवऱ्यानेपण नाही.

संपलं. टाळ्या बऱ्यापैकी वाजल्या. त्या आवाजाने सर जागे झाले. "छान, छान."

प्रमुख बाईंनी टोपण खाली ठेवलं. "बोललात उत्तम. आता काम नवीन आहे का, तेवढंच ठरवायचं. पाहुणे, तुम्ही फार बारकाईने ऐकत होतात. तुम्हीच सांगा."

वहिनी खुर्चीत बसली. पाय नुसते ठणकत होते.

"एकही चूक नाही," पाहुणे खुशीत म्हणाले. "मी प्रत्येक आकडा ताडून बघत होतो. आमचं हेच काम गेल्या महिन्यात छापून आलं ना, त्याच्याशी तंतोतंत जुळतंय."